दिवा तीन तास चालू होता

माझा नवरा गेला त्यानंतर आठवड्यातले पाच दिवस आमच्या घरात काहीच बदललं नाही. तो पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला एका शाळेवर शिक्षक होता. सोमवारी सकाळी लवकर निघायचा, तिकडेच एक खोली भाड्याने घेऊन राहायचा आणि शनिवारी शाळा सुटली की मोटारसायकलवर जालन्याला यायचा. त्यामुळे मधले दिवस मी आणि मुलगी, दोघींचीच ताटं, हे आधीपासूनचंच होतं. एका बुधवारी परिपाठ चालू असताना तो मैदानात खाली बसला, आणि तालुक्याला नेईपर्यंत संपला होता. सगळं उरकल्यावर पुढचा सोमवार आला. मी मुलीची वेणी घातली, डबा भरला, तिला रिक्षात बसवलं, आणि नक्की काय वेगळं झालंय ते मला कळेना. शनिवारी कळायचं. शनिवारी मी सवयीने जास्त कणीक मळायचे आणि रविवारी आम्ही शिळ्या पोळ्यांचा कुस्करा खायचो.

मला रडू आलं नाही. जाफराबादला, सासरी, पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजी बोलत होते, बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, आणि मी मांडवाच्या दोऱ्या कुठे कुठे बांधल्यात ते बघत होते. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. मला खंबीर वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो ना, हात लावला की आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाला वाटत होतं. मी नोकरीवर परत गेले.

मी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका खाजगी प्रयोगशाळेत काम करते. आजूबाजूला सळया बनवणाऱ्या गिरण्या आहेत, त्यांच्या भट्ट्या पोलाद वितळवतात. आमची भट्टी वस्तू जाळून बघते. दरवाजे, काचा, भिंतींचे तुकडे, केबली. कुठली वस्तू आगीत किती वेळ टिकते ते मोजायचं आणि लिहून द्यायचं, एवढंच काम. मी इलेक्ट्रिकलची इंजिनिअर, म्हणून केबलींच्या चाचण्या माझ्याकडे असतात. परत आल्यावर मात्र साहेबांनी मला महिनाभर भट्टीजवळ जाऊ दिलं नाही. जुने अहवाल तपासायला दिले. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. मी खोलीत शिरले की आधीचं बोलणं थांबायचं आणि कुणीतरी मला चहा विचारायचं.

मग अणुवीज केंद्रासाठीची चाचणी आली. ती करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून साहेबांनी मला बोलावलं आणि जमेल का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. हो म्हणायला मला काहीच वाटलं नाही.

नाशिकच्या एका कारखानदाराने केबलींवर गुंडाळायचं एक आवरण तयार केलं होतं. पांढरट, जाड गोधडीसारखं, वरून जाळी आणि लेप. ते अणुवीज केंद्रात वापरायचं तर आगीत तीन तास टिकलं पाहिजे. कारखानदार पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, सतत बोलणारे होते. आयुष्यभर बॉयलरच्या नळ्यांवर आवरणं चढवून त्यांनी धंदा उभा केला होता, आणि हे नवीन आवरण त्यांनी स्वतः, घराच्या मागच्या शेडमध्ये, बायकोच्या शिव्या खात बनवलं होतं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांच्याकडे आल्याच्या काळ्या चहाचा थर्मास असायचा. भेटेल त्याला ते थर्मासच्या झाकणात चहा द्यायचे.

चाचणीवर लक्ष ठेवायला मुंबईहून एक तपासणीस आले. उंच, वाळलेले, एका कानात ऐकण्याचं यंत्र. सगळी नोकरी त्यांनी अणुवीज केंद्रांत काढली होती आणि निवृत्तीनंतर या कामाला फिरत होते. भट्टीचा पंखा सुरू झाला की ते कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात टाकायचे आणि मग त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन उभं राहावं लागायचं.

हे सगळं कशासाठी, ते एकदा त्यांनीच जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. अणुभट्टी बंद केली तरी तिच्या आतली उष्णता लगेच थांबत नाही. पाणी फिरवत राहावं लागतं. पाणी फिरवायला पंप, आणि पंपाला हुकूम पोचवायला केबल. म्हणून केबलींचे दोन वेगळे संच असतात, एक गेला तर दुसरा. पण दोन्ही संच एकाच खोलीतून जात असतील तर एकाच आगीत दोन्ही जातात. फार वर्षांपूर्वी बाहेरच्या देशात एका केंद्रात माणसं मेणबत्तीची ज्योत धरून भिंतीतून हवा कुठे गळते ते शोधत होती, आणि त्या ज्योतीने केबलींनी पेट घेतला. त्यानंतर नियम कडक झाले. आता दोन्ही संच एकाच खोलीत असतील तर निदान एकाला असं आवरण घालायचं की बाहेर आग असताना आतल्या केबलीने काम करत राहावं.

हे सांगताना ते डब्यातली दुधी भोपळ्याची भाजी खात होते. कारखानदार मान हलवत होते, जणू हे ते पहिल्यांदाच ऐकत होते.

तयारीला बरेच दिवस गेले. शिडीसारखा पोलादी ट्रे, त्यात केबली, ट्रेला धरून ठेवणारे पोलादी आधार. केबलींच्या अंगावर जागोजागी उष्णता मोजणाऱ्या बारीक तारा मी स्वतः बसवल्या. मग कारखानदारांच्या माणसांनी त्यावर आवरण चढवलं, लेप दिला, तो वाळू दिला. कारखानदार रोज सकाळी येऊन बोटांच्या सांध्यांनी आवरणावर ठकठक करायचे, बाजारात कलिंगड बघतात तसं. मला ते काम आवडलं असं म्हणता येणार नाही. पण ते करताना वेळ जायचा.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी घरी आले तर दारात माझे सासरे बसलेले. एसटीने आले होते. पायाशी पिशवीत तूर डाळ आणि वाळवलेल्या मिरच्या. मी पाणी दिलं आणि, मामा, सगळं बरं आहे ना, म्हणून विचारलं.

"बरंच हाय," ते म्हणाले. "सहज आलो. म्हणलं नातीला बघावं."

जाफराबादकडे कपाशीची वेचणी ऐन भरात होती. असल्या दिवसांत ते शेत सोडून सहज कुठे जाणारे नव्हते. खरं कारण मला मुलीकडून कळलं. तिने फोनवर आजीला सांगितलं होतं की आई आता मला रागवतच नाही. मी दूध सांडलं तरी काही म्हणत नाही, नुसती पुसून घेते. ते ऐकून सासूबाई रात्रभर बसून राहिल्या आणि सकाळी त्यांनी सासऱ्यांना बसमध्ये बसवून दिलं.

मामा राहिले. ते मुलीला शाळेत पोचवायचे, आणायचे, दुपारी ओट्यावर बसून लसूण सोलायचे. नळाला ज्या दिवशी पाणी येईल त्या दिवशी टाकी, हंडे, बादल्या सगळं भरून ठेवायचे. माझ्याशी ते पाण्याबद्दल, भाजीबद्दल बोलायचे. मुलाचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही.

चाचणीचा दिवस आला. आवरण घातलेला ट्रे भट्टीच्या झाकणाला खालून टांगला आणि झाकण क्रेनने बसवलं. केबलीतून बारीकसा प्रवाह सोडून तिच्या दुसऱ्या टोकाला बाहेर एक दिवा जोडला होता. केबल तुटली तर दिवा विझणार. भट्टी पेटवली. आमची आग म्हणजे वेडीवाकडी आग नसते. किती मिनिटांना किती तापमान हवं ते मानकात ठरलेलं असतं आणि भट्टी त्या रेषेवर चालवावी लागते. पाच मिनिटांत पाचशेच्या पुढे, तासाभरात नऊशेच्या पुढे, तीन तासांनी हजाराच्या वर. मी पडद्यासमोर बसून आकडे बघत होते. तपासणीस माझ्या मागे उभे, यंत्र खिशात. कारखानदार दिव्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. ते आकड्यांकडे बघतच नव्हते. त्यांचं सगळं लक्ष दिव्यावर.

पहिला तास ठीक गेला. दुसराही. आतल्या केबलींचं तापमान सुरुवातीपेक्षा सरासरी एकशे एकोणचाळीस अंशांहून जास्त वाढू नये अशी मर्यादा असते, आणि कुठल्याही एका जागी त्याहून थोडी जास्त चालते. बाकी सगळ्या तारा मर्यादेच्या खूप खाली होत्या. पण मधल्या आधाराजवळची एक तार तिसऱ्या तासात वर चढायला लागली. तिच्या शेजारचीही. मी ती चढताना बघत होते. एरवी अशा वेळी मला हळहळ वाटायची, कारण कुणाची तरी मेहनत जाणार असते. त्या दिवशी वाटली नाही. मर्यादा ओलांडली तेव्हा मी उठून तपासणीसांच्या समोर गेले आणि तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चाचणी पुढे चालू ठेवायला सांगितलं.

मी कारखानदारांनाही जाऊन सांगितलं.

"दिवा चालू आहे, मॅडम," ते म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही.

तीन तास झाले. भट्टी बंद केली, झाकण ट्रेसकट उचललं, आणि लाल झालेल्या त्या सगळ्यावर पाण्याचा फवारा मारला. हाही चाचणीचाच भाग. आगीनंतर पाण्याच्या माराने आवरण गळून पडतं का ते बघायचं. आमच्याकडे एवढं पाणी नसतं, म्हणून टँकर मागवावा लागतो. टँकरवाला लांब उभा राहून ते बघत होता. वस्तीत बायका भांडी घेऊन बसल्यात आणि इथं पाणी तापल्या लोखंडावर घालून राह्यलेत, असं तो आमच्या भट्टीवाल्याला म्हणाला. सगळीकडे वाफ झाली. वाफ गेली तेव्हा आवरण जागेवर होतं, काळं पडलेलं, पण कुठेही न फाटलेलं. आणि दिवा चालू होता.

कारखानदारांनी डोळे पुसले. त्यांनी सकाळीच बाजारातून पेढे आणून ठेवले होते. सगळ्यांना दिले. मलाही दिला, मी खाल्ला. तपासणीसांनी पेढा घेतला, कागदात गुंडाळला आणि उद्या उघडून बघितल्यावर खाईन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळं थंड झाल्यावर आम्ही आवरण कापून उघडलं. टोकांकडे केबली नव्यासारख्या होत्या. त्यांच्यावर छापलेली अक्षरंसुद्धा वाचता येत होती. मधल्या आधाराकडे सरकलो तशी अक्षरं पुसट झाली, मग दिसेनाशी झाली. आधाराजवळ केबली फुगून काळ्या पडल्या होत्या आणि एकमेकींना चिकटून त्यांचा एकच गोळा झाला होता. मी त्यातली एक सोडवून वाकवली. वरचं कवच तडकलं आणि आतलं तांबं दिसलं. मग मेगर लावला, म्हणजे कवच वीज किती अडवतं ते मोजलं. जवळजवळ काहीच अडवत नव्हतं.

कारखानदार बराच वेळ वाकून बघत होते.

"पण दिवा तर तिन्ही तास चालू होता," ते शेवटी म्हणाले. "शेवटपर्यंत. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय."

तपासणीसांनी यंत्र कानात घातलं आणि त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. दिवा लागायला थोडा प्रवाह पुरतो, तो पोचला एवढंच दिव्याने सांगितलं. केंद्रात या केबलींतून पाण्याची पातळी, दाब, असल्या गोष्टींचे नाजूक निरोप जातात. कवच गेलं की निरोप चुकीचा पोचतो. आणि दोन केबली अशा चिकटल्या की एकीचा हुकूम दुसरीत शिरतो. कुणी न सांगता एखादी झडप उघडते. बसलेल्या माणसाला वाटतं सगळं चालू आहे. म्हणून मानक म्हणतं, तापमान मर्यादेबाहेर गेलं तर केबल उघडून बघा. नुसता दिवा बघू नका.

"म्हणजे नापास?"

"हो."

कारखानदार वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी थर्मास उघडला, चहा ओतला आणि न पिता तसाच हातात धरून उभे राहिले.

दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब वाईट माणूस नाही. कारखानदारांशी त्यांची जुनी ओळख, आणि असं काम आमच्याकडे पहिल्यांदाच आलेलं. ते म्हणाले, अहवालात सुरुवातीलाच असं लिहिता येईल का, की विद्युतप्रवाह तिन्ही तास अखंड राहिला आणि पाण्याच्या माऱ्यानंतर आवरण शाबूत होतं. तापमानाचं आणि केबलींचं मागे, जोडपत्रात टाकू. खोटं काहीच नाही त्यात.

"पहिल्याच ओळीत नापास लिहावं लागेल, सर," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग ठीक आहे म्हणाले. पुढे कुणीकुणी माझं कौतुक केलं, की मी ठाम राहिले. मी ठाम वगैरे नव्हते. दुसरं काही लिहायचं तर मांडणी करावी लागली असती, शब्द जुळवावे लागले असते, आणि तेवढं त्राण माझ्यात नव्हतं. जे होतं ते लिहून टाकणं सगळ्यात सोपं होतं. केबली काळ्या, फुगलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, वाकवल्यावर तडकणाऱ्या. चार ओळींत झालं.

त्या संध्याकाळी जेवताना मुलीने विचारलं, काल काय जाळलं. मी थोडक्यात सांगितलं. मामा ऐकत होते. ती उठून अभ्यासाला गेल्यावर ते म्हणाले, "पिंपळगावच्या खोलीचा फोन आल्ता मला. घरवाल्या बाईचा. सामान कवा नेता म्हणत व्हत्या."

ती खोली मी विसरले होते असं नाही. तिचं काही करायला हवं हे मला रोज आठवायचं, आणि रोज ते जिथल्या तिथे राहायचं.

"मी एकदा गेल्तो तिकडं," मामा म्हणाले. "मागच्याच महिन्यात. कुणाला सांगितलं न्हाई. फाट्यावर जीपमधून उतरलो अन् तिथूनच माघारी आलो."

"मला सांगायचं ना, मामा."

"तुला काय सांगू. तू बराबर सगळं करून राह्यलीस. मला वाटलं मलाच जमंना." मग ताटाकडे बघत म्हणाले, "घरी बसवत न्हाई मला. रानात जातो, येतो, भाकर खातो. आंगात काहीच उठत न्हाई. तुझी सासू रडती, तिचं बरंय."

मी त्यांच्या ताटात अजून थोडी भाजी वाढली. दोघांनीही जेवण संपवलं.

शनिवारी आम्ही गेलो. मुलीला शेजारी ठेवलं. भोकरदनपर्यंत एसटी, पुढे जीप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका कापून पडला होता. घरवाल्या बाई जुन्या शेतकरी घरातल्या, साठीच्या, कपाळाला मोठं कुंकू. त्यांनी आम्हाला आधी चहा पाजला. गुरुजी कधी जेवायला या म्हटलं तर येत नव्हते, पण शेंगदाण्याची चटणी मात्र मागून न्यायचे, असं त्यांनी सांगितलं. मग किल्ली दिली.

खोलीत एक खाट, एक दोरी, दोरीवर दोन शर्ट. कोपऱ्यात गॅसची शेगडी, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खिडकीत दाढीचं सामान. मी लग्नानंतर त्या खोलीत दोनदाच आले होते. मी भांडी एका पोत्यात भरायला लागले. मामा अंथरूण गुंडाळायला लागले. आमचं काम नीट चाललं होतं. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं ही माणसं घर बदलतायत.

मोरीत बादलीशेजारी पाणी तापवायची कॉइल पडली होती. मी उचलली. तिची वायर तीन जागी तोडून जोडलेली होती. जोडावर नुसती काळी चिकटपट्टी, तीही सुटत आलेली. एका जागी तांबं उघडं पडलं होतं. त्या मोरीत, ओल्या फरशीवर, रोज सकाळी तो ही वायर हातात धरून प्लग लावत होता. मी आयुष्यभर हेच काम करते. आमच्या घरात एक सैल प्लग मी राहू देत नाही. आणि इथे हे.

मी खाटेवर बसले आणि त्याला बोलायला लागले. मोठ्याने. हे असं कुणी वापरतं का. सांगता येत नव्हतं का मला, एक नवीन वायर आणून दिली असती. शनिवारी येताना पिशवीत घालून आणायची, एवढं जड होतं का. तुला काय झालं असतं म्हणजे. मी नाव घेऊन बोलत होते, घरात चिडले की बोलायचे तसं. मधेच मला ऐकू आलं की मी तुला काय झालं असतं म्हणजे असं म्हणतेय, आणि मी थांबले. मग रडू आलं. छान, मोकळं वगैरे नाही. ओकारी येते तसं आलं, नाकातून, तोंडातून, आणि मला श्वास घ्यायला जमेना.

मामा गुंडाळलेलं अंथरूण छातीशी धरून दारात उभे होते. घरवाल्या बाई आवाज ऐकून आल्या असाव्यात, त्यांनी बाहेरूनच दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने मामा खाली बसले, माझ्या हातातली कॉइल घेतली, वायर तिच्याभोवती गुंडाळली.

"मीच दिल्ती त्याला ही," ते म्हणाले. "जुनी घरची. म्हणला, चालती आबा, कशाला नवी."

"तुमची काही चूक नाही, मामा."

"चूक न्हाई म्हणत मी. दिल्ती, एवढंच." आणि मग त्यांचाही चेहरा वाकडा झाला. मुलगा गेल्यापासून मी तो तसा पहिल्यांदाच बघितला. त्यांनी अंथरुणात तोंड घातलं.

परत येताना जीपमध्ये आमच्यामध्ये पोतं होतं. भोकरदनला बस लागायला वेळ होता, तेव्हा मामांनी भजी आणली. मला भूक लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर परत ते सगळं बधिर होतं, आधीसारखंच. मला वाटलं होतं एकदा रडलं की सुटेल. तसं नसतं. अधूनमधून, कुठल्याही वेळी, दोन-चार दिवसांनी थोडंसं काहीतरी जाणवायचं आणि परत जायचं. भाजीवाल्याशी भांडताना. एकदा मुलीच्या केसांना तेल लावताना. बाकीचे दिवस नुसते जायचे.

मामा वेचणी संपवायला परत गेले, आणि मग दर सोमवारी यायला लागले. शुक्रवारपर्यंत थांबायचे, मग मीच मुलीला घेऊन त्यांच्यासोबत जाफराबादला जायचे. अशी कुणी बैठक घेऊन व्यवस्था ठरवली नाही. ती तशी पडत गेली.

कारखानदार काही महिन्यांनी परत आले. आधीपेक्षा कमी बोलत होते. चूक त्यांना सापडली होती. आवरण ट्रेवर नीट होतं, पण ट्रेला धरणारा पोलादी आधार आवरणाबाहेर उघडा होता, आणि पोलादानेच बाहेरची उष्णता आत नेली होती. आता त्यांनी आधारांवरही, बरंच लांबपर्यंत, आवरण चढवलं. पुन्हा सगळी तयारी, पुन्हा वाळवणं, पुन्हा टँकर. या वेळी ते दिव्यासमोर बसले नाहीत. पडद्यासमोर माझ्या शेजारी उलटी बादली ठेवून बसले आणि मधल्या आधाराजवळची तार कुठली ते मला विचारून घेतलं. तिसऱ्या तासात त्या आकड्यावरून त्यांनी नजर हलवली नाही. तो मर्यादेच्या खाली राहिला.

दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा मधल्या आधाराजवळ केबली वेगवेगळ्या, सरळ पडलेल्या होत्या. तपासणीसांनी वाकून त्यांच्यावरची छापील अक्षरं मोठ्याने वाचली, शेवटपर्यंत. मी प्रत्येक केबल वाकवली. एकही तडकली नाही. मेगरही व्यवस्थित आला. कारखानदारांनी पेढे आणले नव्हते. ते बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले आणि बऱ्याच वेळाने बायकोला फोन लावला. मला बरं वाटलं. खूप नाही, पण वाटलं, हे मला कळलं.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. मामांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी विचारलं, पास झालं म्हंजे आता काय होणार.

मी सांगितलं की आता ते आवरण कुठल्यातरी केंद्रात केबलींवर चढवतील. आणि सगळं नीट चाललं तर तिथे कधी आग लागणार नाही, आणि आवरण चांगलं होतं की नव्हतं हे कुणाला कळणारच नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. मग भाजी काय केली ते विचारलं. मी सांगितलं, चुका.